राखून ठेवलेला डाव

वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो, ही म्हण महाराष्ट्रात जितकी आखाड्यात ऐकू येते तितकीच ती कचेरीत, स्वयंपाकघरात आणि गवयांच्या बैठकीतही ऐकू येते. मांजराने वाघाला शिकारीची सारी विद्या शिकवली, झाडावर चढणे तेवढे शिकवले नाही, आणि भाचा उलटला तेव्हा मावशीला झाडानेच तारले, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. हा विचार केवळ आपलाच आहे असेही नव्हे. फारसी कवी सादी याने १२५८ साली पुऱ्या केलेल्या ‘गुलिस्तान’ या ग्रंथात तीनशे साठ डाव जाणणाऱ्या एका मल्लाची कथा आहे. आवडत्या शिष्यास त्याने तीनशे एकोणसाठ डाव शिकवले. आणि पुढे त्याच शिष्याने राजासमोर आव्हान दिले तेव्हा उरलेल्या एका डावाने त्यास लोळविले. मौज अशी की, ही कथा मोठ्या कौतुकाने सांगणारे आपण, गुरूने शिष्याकडून पराजयाचीच इच्छा धरावी अशा अर्थाचे संस्कृत वचनही तितक्याच कौतुकाने उच्चारतो. ही दोन्ही वचने एकाच तोंडात सुखाने नांदतात, याचे कारण बहुधा असे असावे की, त्यांतील एक सत्कारसमारंभासाठी आहे आणि दुसरे रोजच्या व्यवहारासाठी.

या दोहोंपैकी खरे कोणते, याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर टोकियो शहरी, एका ज्युदोच्या तालमीत, आणि पुष्कळ वेळा उताण्या स्थितीत आला. आम्ही व्यवसायाने इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक. मल्लविद्येशी आमचा संबंध वर्तमानपत्रातील कुस्त्यांच्या निकालापुरताच. परंतु २०१२ च्या शरदऋतूत तेथील एका विद्यापीठात दोन वर्षांसाठी अध्यापनाचे काम मिळाल्यामुळे आम्ही सहकुटुंब तिकडे गेलो, आणि बारा वर्षांच्या आमच्या चिरंजीवांचे नाव घराजवळच्या सरकारी शाळेत घातले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून जपानी माध्यमिक शाळांत युद्धकलांचे शिक्षण सक्तीचे झाले होते. ज्युदो, केन्दो किंवा सुमो यांपैकी एक कला शाळेने निवडावयाची असे. चिरंजीवांच्या शाळेने ज्युदो निवडला होता.

शाळेतून संमतीची चिठ्ठी आली त्याच दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी एक इंग्रजी वर्तमानपत्र आमच्या ताटाशेजारी आणून ठेवले आणि म्हटले, “अहो, हे वाचल्याखेरीज त्या चिठ्ठीवर सही करू नका.” त्यात आकडा असा होता की, १९८३ ते २०११ या एकोणतीस वर्षांत जपानच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत ज्युदो करताना ११८ विद्यार्थी मरण पावले. एका विद्यापीठीय संशोधकाने शालेय अपघातांच्या नोंदी चाळून तो काढला होता, आणि त्या काळी सगळ्या देशात त्याचीच चर्चा चालली होती. मृत्यूंपैकी पुष्कळसे डोक्याच्या दुखापतीने झालेले होते. पाय मागून छाटून पाठीवर पाडण्याचा ‘ओसोतो-गारी’ नावाचा जो डाव आहे, त्यात मान सैल राहिली तर डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आदळतो. आणि कित्येकदा डोके न आदळतासुद्धा, नुसत्या हिसक्याने, मेंदूवरची रक्तवाहिनी फाटते. बळी पडणारी मुले बहुधा नवशिकी असत. फ्रान्स देशात ज्युदो खेळणारांची संख्या जपानहून कितीतरी मोठी आहे. तेथे शिक्षकास सरकारी परीक्षा उतरावी लागते, आणि मुलांच्या मृत्यूंची अशी मालिका तेथे नव्हती. तेव्हा दोष विद्येचा की शिकविण्याच्या रीतीचा, हा प्रश्न जपानी आईबापांप्रमाणेच आमच्याही पुढे उभा राहिला. फरक इतकाच की, आम्हांस तो परक्या भाषेत सोडवावयाचा होता.

शेजारच्या एका गृहस्थांनी जवळच्याच गल्लीत शिकविणाऱ्या एका वृद्ध गुरूंचे नाव सुचविले. ते निवृत्त शाळामास्तर होते आणि त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. त्यांना सारी गल्ली नुसते ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणे. म्हणून आम्हीही येथे तेवढेच म्हणतो. त्यांचा ‘दोजो’ म्हणजे एका जुन्या इमारतीच्या माडीवरील सुमारे चाळीस चटयांची खोली. आपल्या तालमीत लाल माती, तेल आणि ताक यांचा जो वास असतो तो येथे नव्हता. होता तो ओल्या फडक्याचा, कारण सरावापूर्वी सर्व शिष्य एका रांगेत ओणवे होऊन जमीन पुसत, आणि त्या रांगेच्या टोकाशी स्वतः सेन्सेई असत. त्यांच्या कमरेचा काळा पट्टा इतका झिजला होता की, कडांना आतला पांढरा दोराच दिसू लागला होता.

आम्ही वर्तमानपत्राचे कात्रण त्यांच्यापुढे ठेवून, जमेल तितक्या जपानीत विचारले, “ही विद्या आमच्या मुलास इजा न होता शिकविता येईल काय?” त्यांनी कात्रण अगदी शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, “यातील आकडा खरा आहे. मी आपल्या मुलास तीन महिने कोणाला पाडू देणार नाही व कोणाकडून पडू देणार नाही. तो फक्त स्वतः पडेल. आणि आपणही त्याच्याबरोबर यावे. आपण भिंतीशी बसून पाहत राहिलात, तर पडणे हे मुलांचे काम आहे असे त्यास वाटेल.” वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पांढरा जाड अंगरखा घालून चिरंजीवांच्या शेजारी उभे राहण्याचे आमच्या नशिबी आले ते असे.

पडण्याच्या विद्येस तेथे ‘उकेमी’ म्हणतात, आणि ती आरंभी निजूनच शिकावयाची असते. पाठीवर पडून हनुवटी छातीशी घ्यावी आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवावी, म्हणजे डोके जमिनीपासून आपोआप अधांतरी राहते. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तिरपे, तळव्यापासून दंडापर्यंत एकदम जमिनीवर आपटावेत. म्हणजे धक्का एका मणक्यावर न येता साऱ्या अंगभर वाटला जातो. श्वास त्याच क्षणी बाहेर सोडावा. हे निजून साधले की उकिडवे बसून, मग उभ्याने, मग बाजूवर, मग पुढे कोलांटी घेऊन. सांगावयास हे पाच वाक्यांत सांगून झाले. परंतु अंगात उतरावयास आम्हांस त्या तीन महिन्यांतील बहुतेक संध्याकाळी लागल्या. मनुष्य पडू लागला की तो हात मागे टेकतो, आणि मनगट मोडून घेतो. मान ताठ करतो, आणि डोके आपटून घेतो. निसर्गाने शिकविलेले विसरून जाणे हेच त्या विद्येतील पहिले प्रकरण आहे. चिरंजीवांस ते आमच्याहून पुष्कळ लवकर आले. त्यांचे वजन कमी होते, आणि त्यांना सांभाळावयाची प्रतिष्ठाही नव्हती.

तीन महिने संपले आणि एका संध्याकाळी सेन्सेईंनी आम्हांस समोर बोलावून आपल्या अंगरख्याची कॉलर व बाही आमच्या हातांत दिली. “आता मला पाडा,” ते म्हणाले. डाव साधा होता: कमरेवर घेऊन पुढे टाकण्याचा, ‘ओगोशी’ नावाचा. परंतु ज्यांच्या पायांवर आम्ही घरी डोके ठेवले असते, अशा वयाच्या मनुष्यास उचलून जमिनीवर टाकण्यास आमचे हात धजेनात. ते त्यांच्या ध्यानात आले असावे. “मी आपल्या भिडेखातर पडणार नाही,” ते म्हणाले. “माझा तोल गेला तरच पडेन. पण तोल गेला, तर अडूनही राहणार नाही.” त्या दिवशी ते पडले नाहीत. दुसऱ्याही दिवशी नाहीत. बाही ओढली तर ते एक पाऊल पुढे येऊन उभे राहत. कंबर घातली तर तिच्यावर नुसते टेकून राहत, आणि “मो इक्काइ”, म्हणजे ‘आणखी एकदा’, असे म्हणत. सातव्या की आठव्या दिवशी कसे कोण जाणे, त्यांचे वजन त्यांच्या पायांच्या बोटांवर आल्याचे आमच्या हातांना कळले. पुढचे काही आम्ही केले असे वाटलेच नाही. खोलीभर हाताचा मोठा आवाज घुमला, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे ते गृहस्थ आमच्या पायांशी उताणे होते. ते उठले, अंगरखा नीट केला, आणि म्हणाले, “मो इक्काइ.”

हळूहळू आमच्या लक्षात आले की, हा काही आमच्यापुरता खास उपचार नव्हता. त्या दोजोत प्रत्येक नवा डाव प्रत्येक शिष्याने प्रथम सेन्सेईंवरच करावयाचा असा नियमच होता. नवशिक्यास पाडता येत नाही, हे उघड आहे. परंतु त्याच्याहून मोठा धोका असा की, त्याला धरून ठेवता येत नाही. अर्धवट डावाने दुसरे नवशिके पोर कसे पडेल याचा नेम नसतो. म्हणून अर्धवट डावाखाली पडावयास सर्वांत जाणते अंग हवे, आणि ते अंग गुरूचे. दहाबारा शिष्यांच्या हातून ते एका संध्याकाळी पन्नास-साठ वेळा तरी पडत. ओसोतो-गारी तर त्यांनी पहिल्या वर्षी कोणाही मुलास दुसऱ्या मुलावर करू दिला नाही. सौभाग्यवती एकदा तासभर हे पाहून गेल्या, आणि घरी आल्यावर त्यांनी चिठ्ठीचा विषय पुन्हा काढला नाही. सही मात्र आपल्या हाताने केली.

गुरूचे पडणे थांबले म्हणजे काय होते, हेही त्याच हिवाळ्यात दिसून आले. जपानच्या राष्ट्रीय महिला संघातील पंधरा ज्युदोपटूंनी, मुख्य प्रशिक्षक आपणांस मारहाण करतात व अपमानास्पद बोलतात, अशी तक्रार त्या देशाच्या ऑलिंपिक समितीकडे केली होती. २०१३ च्या जानेवारीत ती उघडकीस आली आणि त्या प्रशिक्षकास राजीनामा द्यावा लागला. १९६४ सालच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्या विद्येचा प्रथम समावेश झाला, आणि जिचा तो देश अभिमान वाहतो, तिच्याच माहेरी ही गोष्ट व्हावी याची लाज तेथील सामान्य माणसाच्या तोंडावर दिसत असे. सेन्सेई त्या आठवड्यात त्या विषयावर एकच वाक्य बोलले: “ज्याला बरीच वर्षे कोणी पाडलेले नाही, त्याच्या हातात मुले देऊ नयेत.”

सराव आटोपल्यावर ते कधीकधी हिरवा चहा देत. अशाच एका वेळी आम्ही त्यांना आपली म्हण सांगितली, आणि मांजर व वाघ यांची गोष्टही मोडक्यातोडक्या जपानीत ऐकविली. ते लहान मुलासारखे हसले. मग आम्ही विचारले, “आपण कोणता डाव राखून ठेवला आहे?” त्यांनी थोडा विचार केला. “राखून ठेवावे असे जे माझ्यापाशी आहे,” ते म्हणाले, “ते मला सांगताच येत नाही, ते तुम्ही मला धरूनच घ्यावयाचे. आणि जे सांगता येते ते मी सांगितले नाही, तर ते माझ्याबरोबर जळून जाईल. मग राखले कशासाठी?”

त्यांनी त्या दिवशी सांगितलेली गोष्ट ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांची होती. ती स्वतः कानो यांनीच सांगितलेली असल्यामुळे ज्युदोच्या जगात सर्वांस ठाऊक आहे; आपल्याकडे ती फारशी कोणी ऐकली नसेल म्हणून येथे देतो. कानो यांचा जन्म १८६० सालचा. ते टोकियो विद्यापीठाचे पदवीधर, आणि पुढे वीस वर्षांहून अधिक काळ शिक्षक तयार करणाऱ्या उच्च विद्यालयाचे प्राचार्य. म्हणजे पेशाने आमच्यासारखेच मास्तर. विद्यार्थिदशेत ते देहाने दुबळे असल्यामुळे ‘जुजुत्सु’ शिकावयास गेले. त्यांच्या पहिल्या गुरूंनी त्यांना एका डावाने पाडले, तेव्हा या जिज्ञासू विद्यार्थ्याने विचारले की, यात हात कसा व पाय कसा? गुरूंनी उत्तर म्हणून त्यांना पुन्हा पाडले, आणि पुन्हा विचारताच पुन्हा. जुन्या विद्यांची हीच रीत होती: प्रश्नाचे उत्तर शब्दांनी द्यावयाचे नाही, ग्रंथ गुंडाळीत बांधून ठेवावयाचे, आणि अंतिम रहस्य निवडक शिष्यास शपथेवर सांगावयाचे. एका धिप्पाड सहाध्यायास पाडता येईना, तेव्हा कानो ग्रंथालयात गेले आणि पाश्चात्त्य मल्लविद्येच्या एका पुस्तकातून त्यांनी प्रतिस्पर्ध्यास खांद्यांवर आडवे उचलून टाकण्याचा डाव शोधून काढला. तो आपल्या आखाड्यातील कलाजंगाचा जवळचा नातेवाईक होय. पुस्तकातून डाव काढणारा मल्ल आम्हां प्राध्यापकांस किती आपला वाटावा, हे सांगावयास नकोच.

त्यांचे पुढील गुरू इइकुबो हे कितो-र्‍यू नावाच्या परंपरेचे. वय पन्नाशीपलीकडचे, आणि तोपर्यंत ते कानो यांस नेहमी सहज पाडीत. एके दिवशी मात्र उलटे झाले. गुरूंचे डाव चालेनात, आणि कानो यांचे एकामागून एक चालू लागले. डाव टाकण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याचा तोल मोडावयाचा असतो, आणि तो मोडला की शक्ती फारशी लागतच नाही, हे तत्त्व त्यांच्या हाती आले होते. ‘कुझुशी’ म्हणतात ते हेच. आणि आम्हांस आठव्या दिवशी हाताला कळले तेही हेच. गुरूंनी विचारले, हे कसे काय? शिष्याने सांगितले. गुरूंनी त्यावर विचार केला आणि म्हटले की, तुझे म्हणणे बरोबर आहे. यापुढे मला तुला शिकविण्यासारखे काही उरले नाही. त्यांनी आपल्या परंपरेचे ग्रंथ शिष्याच्या स्वाधीन केले. ही गोष्ट सांगताना सेन्सेई म्हणाले, “कानो यांनी कसे पाडले हे सर्वजण सांगतात. मला मात्र, पन्नास वर्षांचे इइकुबो जमिनीवर पडल्या पडल्या काय विचारतात, ते अधिक महत्त्वाचे वाटते. ते म्हणाले, हे कसे काय?”

कानो यांनी १८८२ साली, अवघे एकवीस वर्षांचे असताना, टोकियोतील एइशोजी नावाच्या मंदिरात बारा चटयांवर आणि नऊ शिष्यांसह आपली शाळा काढली. तीच कोदोकान. आज तिची आठ मजली इमारत आहे, आणि सातव्या मजल्यावरील मुख्य दालनात चारशे वीस चटया आहेत. परंतु वाढ चटयांची झाली त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कानो यांनी शिक्षणाची चार अंगे ठरविली: ठरीव नमुने, मोकळी झुंज, व्याख्यान आणि प्रश्नोत्तर. ज्यांच्या स्वतःच्या प्रश्नास जमिनीवर आपटून उत्तर मिळाले होते, त्यांनी प्रश्न विचारणे हेच शिक्षणाचे एक अंग करून ठेवले.

हे ऐकत असता आम्हांस आपल्या एका मोठ्या पुरुषाची आठवण झाली. विष्णु नारायण भातखंडे यांचाही जन्म १८६० सालचाच. तेही इंग्रजी शिकलेले पदवीधर, पेशाने वकील. आपल्याकडे गवयांच्या घराण्यांत चिजा अशाच गुंडाळून ठेवलेल्या होत्या. पोटच्या मुलास सांगाव्यात आणि शिष्यास अर्ध्या सांगाव्यात, असा परिपाठ होता. भातखंड्यांनी हिंदुस्थानभर हिंडून, विनवण्या करून, त्या जमविल्या, स्वरलिपीत लिहिल्या, आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापून कोणाही विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. कागदावर उतरलेली चीज म्हणजे गाणे नव्हे, असा आक्षेप त्यांच्यावर घेण्यात आला. आक्षेप खराच आहे. परंतु सेन्सेईंनी चहाच्या पेल्यावर जे सांगितले ते हेच नव्हे काय? जे सांगता येते ते सांगून टाकावे. सांगता येत नाही ते गुरूला धरून घ्यावे. एकाच वर्षी जन्मलेल्या, एकमेकांचे नावही बहुधा न ऐकलेल्या या दोन पदवीधरांनी दोन बंद विद्यांची दारे जवळजवळ एकाच काळी उघडली, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

आता वस्तादाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याचे पोट त्या विद्येवर असते. पट्ठा उद्या समोरच्या तालमीत जाऊन बसला तर त्यास विचारणारे कोणी नसते. आणि कृतघ्नपणा ही काही कल्पित वस्तू नव्हे. सादीच्या कथेतील शिष्य आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेला आहे. राखून ठेवलेला डाव हा या सर्वांवरचा विमा आहे. परंतु विम्याचा हप्ता कोण भरतो, हे पाहावे. वैद्यांनी राखलेली औषधे, गवयांनी राखलेल्या चिजा, आजीने राखलेले मसाल्याचे प्रमाण: त्या एका डावाने वस्ताद त्या दिवसापुरता जिंकला, आणि त्याच्यामागून येणारे सगळे हरले. प्रत्येक वस्तादाने एकेक डाव राखला, तर तीनशे साठ पिढ्यांनी आखाड्यात फक्त माती उरेल, हा हिशेब सादीच्या राजास कोणी सांगितला नाही.

आम्ही परत निघण्यापूर्वीच्या संध्याकाळी, २०१४ सालच्या सप्टेंबरात, सेन्सेईंनी चिरंजीवांस समोर बोलावले. ते आता चौदा वर्षांचे झाले होते आणि उंचीने सेन्सेईंच्या कानाला लागत होते. मोकळी झुंज सुरू झाली. प्रथम दोन वेळा चिरंजीव पडले. मग त्यांनी एक हूल दिली, सेन्सेई ती चुकवावयास मागे सरले, आणि त्याच पावलावर मुलाचा पाय त्यांच्या पायाला आतून लागला. असा जोड त्यांनी शिकविलेला नव्हता. सेन्सेई पडले, हनुवटी छातीशी आणि नजर पट्ट्याच्या गाठीवर, जसे त्यांनी आम्हांस पहिल्या दिवशी शिकविले होते तसे. परंतु या खेपेस ते लगेच उठले नाहीत. छताकडे पाहत क्षणभर पडून राहिले, आणि मग पडल्या पडल्याच त्यांनी विचारले, “हे कसे केलेस?” चिरंजीव लाजत लाजत पायाने करून दाखवू लागले. शहात्तर वर्षांचे गुरू चटईवर बसून चौदा वर्षांच्या शिष्याचे पाऊल पाहत होते, आणि मधूनमधून विचारत होते, “येथे का? थोडे अलीकडे का नाही?” त्यानंतर दोघे समोरासमोर गुडघ्यांवर बसले आणि एकमेकांस नमस्कार केला. दोघांची डोकी सारखीच खाली गेली होती.

२०१९ साली त्या दोजोतील एका सहाध्यायाचे पत्र आले. सेन्सेई वारले होते. शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी झुंज बंद करावयास सांगितली, तेव्हा त्यांनी वॉर्डाच्या सभागृहात आठवड्यातून एकदा म्हाताऱ्या माणसांना घरात घसरल्यास कसे पडावे हे शिकविण्याचा वर्ग काढला होता. शाळांतील अपघातांविषयी पुढे सावधगिरीचे नियम झाले आणि मृत्यू पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी झाले; परंतु ते पुरते थांबलेले नाहीत, आणि त्या पडण्याच्या वर्गाची गरजही संपलेली नाही.

आम्ही आता छपन्न वर्षांचे आहोत, आणि ज्युदोचा अंगरखा कपाटात आहे. तथापि एक गोष्ट आम्ही कॉलेजात चालू केली आहे. दर शुक्रवारच्या तासाला विद्यार्थ्यांनी आम्ही पूर्वी न वाचलेली एक इंग्रजी कविता आणावयाची, आणि आम्ही ती त्यांच्यासमोर प्रथमच वाचून तिचा अर्थ लावावयाचा, अडखळणे व कोश उघडणे यांसकट. टिपणांवरून शिकविताना प्राध्यापकाचा तोल कधीच जात नाही. आणि तोल जाणारा मनुष्य पाहिल्याशिवाय तो कसा सावरावा हे मुलांस कळावे कसे? मागील वर्षी एका विद्यार्थिनीने उभे राहून, “सर, तिसऱ्या ओळीतले सर्वनाम आईकडे नाही, घराकडे जाते,” असे म्हटले, आणि आम्ही वीस मिनिटे उभारलेला सारा अर्थ एका शब्दात आडवा केला. वर्गात शांतता पसरली. मुले आमच्या तोंडाकडे पाहत होती. अशा वेळी प्राध्यापकापाशी राखून ठेवलेले डाव पुष्कळ असतात: एखाद्या टीकाकाराचे नाव, एखादे मिस्कील हसू, किंवा घड्याळाकडे एक नजर. आम्ही हातातील खडू तिच्यापुढे केला आणि म्हटले, “हे कसे काय, ते फळ्यावर दाखवा.”

ती पुढे आली.